आधी चौक, शेवटी सिग्नल: ‘सिटीज: स्कायलाइन्स’मधील वाहतूक नव्या खेळाडूने कशी हाताळावी

फिनलंडमधील टाम्पेरे शहरातल्या कोलोसल ऑर्डर या लहानशा कंपनीने तयार केलेला आणि पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्हने मार्च २०१५ मध्ये प्रकाशित केलेला ‘सिटीज: स्कायलाइन्स’ हा संगणकावरील खेळ नावाने शहर वसवण्याचा आहे, परंतु वस्ती काही हजारांच्या पुढे गेली की खेळाडूचा बहुतेक वेळ वाहतुकीची कोंडी सोडवण्यातच जातो. याच कंपनीचे ‘सिटीज इन मोशन’ (२०११) आणि त्याचा दुसरा भाग (२०१३) हे आधीचे खेळ सार्वजनिक वाहतुकीवरच बेतलेले होते, हे लक्षात घेतले तर त्यात नवल वाटत नाही. या खेळातील वाहने केवळ शोभेसाठी फिरत नाहीत. प्रत्येक मोटारीत कोणी तरी रहिवासी घरून कामावर निघालेला असतो, प्रत्येक ट्रकमध्ये कोणत्या तरी कारखान्याचा किंवा दुकानाचा माल असतो, आणि तो ट्रक वेळेत पोहोचला नाही तर ते दुकान खरोखर बंद पडते.

नवा खेळाडू कोंडी दिसताच साधारणपणे दोन गोष्टी करतो: रस्ता रुंद करतो आणि चौकात सिग्नल बसवतो. बहुतेक वेळा या दोन्ही उपायांनी कोंडी तशीच राहते किंवा पुढच्या चौकात सरकते. या लेखात उपायांचा एक क्रम सुचवला आहे. आधी पाहणी, मग चौकांची संख्या आणि अंतर, मग लेन, त्यानंतर फलक आणि सर्वांत शेवटी सिग्नल, असा तो क्रम आहे. आधीची पायरी नीट झाली असेल तर पुढच्या पायरीची गरजच पडत नाही असे अनेकदा घडते, म्हणून घाई न करता याच क्रमाने जावे.

खेळ सुरू करण्यापूर्वी

नवा नकाशा निवडताना डावीकडून वाहतूक चालवण्याचा पर्याय दिसतो. आपल्या नजरेला सवय असलेली दिशा निवडावी, कारण चौकातील कोणते वळण समोरच्या रांगेला छेदते हे चटकन ओळखता येणे पुढे फार उपयोगी पडते. या लेखातील सर्व वर्णन डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीचे आहे. म्हणजे येथे डावे वळण सोपे आणि उजवे वळण त्रासाचे.

मूळ खेळात सिग्नल काढणे-बसवणे आणि ‘थांबा’ फलक लावणे एवढे करता येते. लेननिहाय बाण, वेगमर्यादा, ‘मार्ग द्या’ फलक आणि वेळेवर चालणारे सिग्नल हवे असतील तर ‘ट्रॅफिक मॅनेजर: प्रेसिडेंट एडिशन’ हा मॉड, म्हणजे खेळाडूंनीच तयार केलेली आणि मूळ खेळाला जोडता येणारी पुरवणी, घ्यावा लागतो. तो संगणकावरील आवृत्तीत स्टीम या खेळविक्रीच्या संकेतस्थळाच्या वर्कशॉप विभागातून विनामूल्य मिळतो आणि त्याच्यासोबत ‘हार्मनी’ नावाचा साहाय्यक मॉडही लागतो. मॉड चालू असताना खेळातील बहुमान मिळत नाहीत, याची नोंद घ्यावी. पहिले लहान शहर मॉडशिवायच उभे करावे असे मला वाटते. साधने कमी असली की रस्त्यांच्या आखणीतील दोष झाकता येत नाहीत आणि आखणी सुधारण्याची सवय लवकर लागते.

वाहने मार्ग कसा ठरवतात

ही गोष्ट नीट समजली तर पुढचे अर्धे काम सोपे होते, म्हणून येथे थोडे थांबू.

मूळ खेळात वाहन निघतानाच आपला संपूर्ण मार्ग ठरवते. मार्ग ठरवताना ते अंतर आणि रस्त्याची वेगमर्यादा पाहते. रस्त्यावर त्या घडीला किती गर्दी आहे याचा हिशेब ते करत नाही. त्यामुळे दोन मार्गांपैकी एक काही क्षणांनी जवळचा असेल, तर शहरातील सगळी वाहने त्याच मार्गावर लोटतात आणि शेजारचा मार्ग मोकळा पडून राहतो. शेजारी समांतर रस्ता बांधला तरी कोणी वापरत नाही अशी तक्रार नवे खेळाडू नेहमी करतात. त्यामागे हेच कारण असते: वाहनांच्या हिशेबात तो रस्ता लांबचा ठरलेला असतो, आणि पहिल्या रस्त्यावर कितीही रांग लागली तरी तो हिशेब बदलत नाही.

मार्गाबरोबर लेनही ठरते. पुढच्या चौकात उजवीकडे वळायचे असेल तर वाहन बरेच आधी उजव्या लेनमध्ये येते आणि तिथेच राहते. महामार्गावरून उतरणाऱ्या शंभर ट्रकांना एकाच चौकात एकाच दिशेला वळायचे असेल, तर ते सगळे एका लेनमध्ये एकामागे एक उभे राहतात आणि बाजूच्या दोन लेन रिकाम्या दिसतात. अशा रस्त्याला आणखी दोन लेन जोडल्या तर त्याही रिकाम्याच राहतात. रस्ता रुंद करण्याचा उपाय फसतो तो इथे. अडचण रस्त्याच्या रुंदीत नसून पुढच्या वळणात असते.

तिसरी बाब सहज लक्षात येत नाही. एखादे वाहन फार वेळ अडकून पडले तर मूळ खेळ ते गुपचूप नाहीसे करतो. त्यामुळे कोंडी असते त्यापेक्षा सौम्य दिसते. वर सांगितलेल्या मॉडमध्ये ही सोय बंद करता येते. एखाद्या चौकाची खरी अवस्था पाहायची असेल तेव्हा ती थोडा वेळ बंद करून पाहावी. मात्र शहर आधीच तुंबलेले असताना ती कायमची बंद केली तर सारे रस्ते एकमेकांना अडवून बसतात आणि गाठ सुटता सुटत नाही.

पहिली पायरी: पाहणी

वाहतुकीचा नकाशा उघडला की मोकळे रस्ते हिरवे आणि तुंबलेले रस्ते लाल दिसतात, आणि शहरभरच्या वाहतुकीच्या सुरळीतपणाची टक्केवारीही मिळते. या टक्केवारीवर फार विसंबू नये. नाहीशी झालेली वाहने तिला चांगली ठेवतात. लाल पट्टा दिसला की तो ज्या दिशेने वाहतूक जाते त्या दिशेला शोधत जावे. रांगेची शेपटी नजरेत भरते, पण दोष रांगेच्या तोंडाशी असतो. लाल रंग जिथे अचानक संपून हिरवा सुरू होतो, तो चौक आपल्याला हवा आहे.

त्या चौकाजवळ कॅमेरा न्यावा आणि खेळ सर्वांत मंद वेगावर चालू ठेवून पाहावे. तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत कोणताही बदल करू नये. वाहने कोणत्या लेनमध्ये साचली आहेत? ती कोणासाठी थांबली आहेत: समोरून येणाऱ्या वाहनांसाठी, पादचाऱ्यांसाठी, की पुढच्याच चौकातून मागे आलेल्या रांगेसाठी? आणि ती कुठून कुठे निघाली आहेत? तिसऱ्या प्रश्नासाठी खेळात मार्ग दाखवणारे साधन आहे. रस्त्याच्या तुकड्यावर क्लिक केले की त्यावरून जाणाऱ्या सर्व वाहनांचे पूर्ण मार्ग दिसतात आणि मोटारी, ट्रक, बस यांचे रंग वेगळे असतात. ट्रकांचा रंग निवासी भागातून आरपार गेलेला दिसला, तर चौकात काहीही करण्याआधी कारखान्यांना महामार्गाकडे जाणारा स्वतंत्र रस्ता द्यावा. तेवढ्यानेच काम भागण्याची शक्यता बरीच असते.

दुसरी पायरी: चौक कमी करा, दूर करा

रस्तेबांधणीच्या शास्त्रात चौकाची अवघडता मोजण्याची एक सोपी रीत आहे: वाहनांचे मार्ग जिथे एकमेकांना छेदतात, एकत्र येतात किंवा फुटतात, ते संघर्षबिंदू मोजायचे. दोन दुपदरी रस्त्यांच्या साध्या चौकात असे ३२ बिंदू असतात. तीन रस्त्यांच्या तिठ्यात ते फक्त ९ असतात. एकपदरी गोलचक्करावर, चार रस्ते येऊन मिळत असले तरी, ते ८ वर येतात. म्हणजे एका चौकाचे दोन तिठे केले, दोन्ही बाजूंचे छोटे रस्ते मुख्य रस्त्याला समोरासमोर न जोडता थोड्या अंतरावर जोडले, तर ३२ बिंदूंचे १८ होतात. खेळात यासाठी रस्त्याचा एक तुकडा काढून पुढे जोडण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

मुख्य रस्त्यावर दर काही घरांनंतर गल्ली जोडण्याचा मोह टाळावा. खेळातील जमीन आठ मीटरच्या चौकोनांत विभागलेली असते, आणि पाच-सहा चौकोनांवर पुढचा चौक आला तर एका सिग्नलवर थांबलेली रांग मागच्या चौकाच्या मधोमध येऊन उभी राहते. मग मागच्या चौकात हिरवा दिवा असूनही कोणी हलू शकत नाही. गल्ल्या आधी एका मधल्या रस्त्याला जोडाव्यात आणि तो मधला रस्ता मुख्य रस्त्याला एकाच ठिकाणी जोडावा. मुख्य रस्त्यावर घरे व दुकाने जितकी कमी, तितके चांगले.

महामार्गावरून उतरणारा रस्ता जिथे शहराला मिळतो, त्या ठिकाणी पहिला चौक शक्य तितका आत ठेवावा. रांग लागणारच असेल तर तिला उभे राहायला जागा हवी; ती महामार्गावर चढली की शहराला बाहेरून येणारे सगळेच बंद होते.

तिसरी पायरी: लेन

मॉडमधील लेनचे बाण बदलण्याचे साधन घ्यावे आणि तुंबलेल्या बाजूच्या लेन मोजाव्यात. पाहणीत जर असे दिसले असेल की बहुतेक वाहनांना उजवीकडे वळायचे आहे आणि त्यांना एकच लेन मिळाली आहे, तर दोन लेनना उजव्या वळणाचा बाण द्यावा. मात्र वळल्यानंतर त्यांना पुढच्या रस्त्यावरही दोन लेन मिळतात ना, हे पाहिल्याशिवाय असे करू नये. दोन रांगा वळून एका लेनमध्ये घुसू लागल्या तर कोंडी चौकाच्या आत तयार होते आणि ती अधिक वाईट.

बाणांनी भागत नसेल तर लेन जोडण्याचे साधन वापरावे. त्यात या बाजूची कोणती लेन पलीकडच्या कोणत्या लेनला मिळेल हे रेषा ओढून ठरवता येते. त्याचा सर्वांत चांगला उपयोग महामार्गावर होतो. तीन पदरी महामार्गाला बाजूने एक लेन येऊन मिळते तिथे मुख्य वाहने विनाकारण लेन बदलून एकमेकांना अडवतात. उजवीकडच्या दोन लेन सरळ पुढे बांधून ठेवल्या आणि येणाऱ्या लेनला फक्त सर्वांत डावी लेन दिली की ही खेचाखेच थांबते. प्रत्येक चौकात लेन जोडत बसण्याची मात्र गरज नाही. सगळीकडे हात घातला की पुढे रस्ता बदलताना कुठे काय बांधून ठेवले होते हे आठवत नाही, आणि चुकून एखादी लेन कशालाच न जोडता सोडली तर तिच्यावरचे मार्गच तुटतात.

चौथी पायरी: फलक

एक मोठा आणि एक लहान रस्ता भेटतो तिथे सिग्नलपेक्षा फलक बरा. मूळ खेळ मोठ्या रस्त्यांच्या चौकांत आपोआप सिग्नल बसवतो, मग आडवा रस्ता चार घरांची गल्ली का असेना. त्या गल्लीतून कधी तरी येणाऱ्या मोटारीसाठी मुख्य रस्त्यावरची सगळी वाहतूक थांबते. असे सिग्नल शोधून काढून टाकावेत. मार्गांच्या नकाशातच चौकांचा स्वतंत्र भाग आहे. तिथे सिग्नलच्या चिन्हावर क्लिक केले की तो जातो, आणि गल्लीच्या बाजूला ‘थांबा’ फलक लावता येतो. सहा पदरी रस्त्यावरील अशा अनावश्यक सिग्नलांची सफाई हा नव्या खेळाडूला सर्वांत कमी श्रमांत सर्वांत जास्त फळ देणारा उपाय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘थांबा’ आणि ‘मार्ग द्या’ यांत फरक आहे. पहिल्या फलकाजवळ रस्ता मोकळा असला तरी वाहन पूर्ण थांबते. दुसऱ्याजवळ ते वेग कमी करून पाहते आणि वाट मोकळी असेल तर तसेच पुढे जाते. खेळात वाहने एकमेकांवर आदळत नाहीत, त्यामुळे सुरक्षिततेसाठी ‘थांबा’ लावण्याची गरज नाही. मॉड असेल तर जवळजवळ सगळीकडे ‘मार्ग द्या’ पुरतो.

गोलचक्कराचा सारा जीव याच फलकात आहे. प्रत्यक्ष रस्त्यांवरही ब्रिटनने १९६६ मध्ये चक्रातील वाहनाला प्राधान्य देण्याचा नियम केल्यानंतर गोलचक्करे नीट चालू लागली. त्याआधी बाहेरून घुसणाऱ्या वाहनांमुळे चक्र आतूनच बंद पडत असे. खेळातही नेमके तेच होते. त्यामुळे गोलचक्कर बांधून झाल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात: चक्राचा रस्ता एकेरी आहे का, त्यावर आपोआप बसलेले सिग्नल काढले का, आणि आत येणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर ‘मार्ग द्या’ आहे का. चक्र लहान असेल तर दोन तोंडांमधली जागा अपुरी पडते आणि बाहेर पडू पाहणारे वाहन आत येणाऱ्याला अडवते. जागा असेल तर चक्र मोठे घ्यावे. आणि चारही बाजूंनी सारखीच, अखंड गर्दी असेल तर गोलचक्कराचा हट्ट धरू नये, कारण तेथे कोणाला शिरायला फटच मिळत नाही.

पाचवी पायरी: सिग्नल

इथवर येऊनही चौक तुंबत असेल तर सिग्नलचा विचार करावा. सिग्नल रस्त्याची क्षमता वाढवत नाही. तो असलेला वेळ वाटून देतो, आणि वाटताना काही वेळ वायाही घालवतो. हिरवा दिवा लागल्यावर पहिले वाहन हलायला दोन-एक सेकंद जातात, आणि दिवा बदलताना चौक रिकामा व्हायला पुन्हा तेवढेच. म्हणजे प्रत्येक टप्प्यामागे, काही दिशांना एकत्र हिरवा दिवा मिळण्याच्या प्रत्येक पाळीमागे, साधारण चार सेकंद कोणाच्याच उपयोगाचे नसतात.

टप्पे वाढवण्याची किंमत किती असते हे एका जुन्या सूत्रावरून छान कळते. ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतील एफ. व्ही. वेबस्टर यांनी १९५८ मध्ये सिग्नलचे एक पूर्ण आवर्तन किती सेकंदांचे असावे याचे सूत्र मांडले, आणि ते आजही शिकवले जाते. आवर्तनात वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करा, त्यात ५ मिळवा, आणि आलेल्या संख्येला, एकातून चौकावरील एकूण भार वजा करून जे उरेल त्याने भागा. भार म्हणजे प्रत्येक टप्प्यातील सर्वांत गजबजलेल्या लेनवर येणारी वाहने भागिले ती लेन सतत हिरवी असती तर नेऊ शकली असती ती वाहने. ही दुसरी संख्या ताशी १८०० च्या आसपास धरतात, म्हणजे दर दोन सेकंदांना एक वाहन.

आता हिशेब करू. मुख्य रस्त्याच्या लेनवर ताशी ९०० वाहने आहेत, भार ०.५. आडव्या रस्त्यावर ३६० आहेत, भार ०.२. दोन टप्प्यांत ८ सेकंद वाया जातात. दीडपट १२, अधिक ५ म्हणजे १७, त्याला ०.३ ने भागले की आवर्तन सुमारे ५७ सेकंदांचे येते. त्यातले वाया जाणारे ८ सोडले तर ४९ उरतात आणि ते ५ ला २ या प्रमाणात वाटले की मुख्य रस्त्याला ३५ आणि आडव्याला १४ सेकंद मिळतात. आता उजव्या वळणासाठी तिसरा स्वतंत्र टप्पा जोडा, ज्याचा भार फक्त ०.१ आहे. वाया जाणारे सेकंद १२ होतात, एकूण भार ०.८ होतो, आणि आवर्तन ११५ सेकंदांवर जाते. ताशी १८० मोटारींना वेगळे वळण दिल्यामुळे चौकातील सगळ्यांचे आवर्तन दुप्पट लांबले. खेळातील वाहनांचा वेग आणि घड्याळ वेगळे असल्याने हे आकडे तिथे जसेच्या तसे लावू नयेत. पण टप्पा वाढवण्याआधी दहादा विचार का करावा, हे त्यातून दिसते. एकूण भार १ च्या जवळ गेला तर कोणतेही आवर्तन पुरत नाही, आणि मग उड्डाणपूल किंवा दुसरा मार्ग हाच उपाय उरतो.

मॉडमधील वेळेचा सिग्नल बसवण्याची रीत एका तिठ्यावर पाहू. मुख्य रस्ता महामार्गाकडून शहराकडे जातो आणि मध्ये औद्योगिक भागाचा रस्ता त्याला येऊन मिळतो. महामार्गाकडून येताना औद्योगिक रस्ता उजव्या हाताला आहे. म्हणजे महामार्गावरून कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रकांना उजवे वळण घ्यावे लागते, आणि ते शहरातून बाहेर पडणाऱ्या रांगेला छेदते. कारखान्यांतून महामार्गाकडे निघणाऱ्या ट्रकांचे वळण डावे, म्हणजे सोपे आहे.

वेळेच्या सिग्नलचे साधन घेऊन चौक निवडावा आणि टप्पे जोडण्यास सुरुवात करावी. प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी दिव्यांची चिन्हे दिसतात. सरळ, डावे आणि उजवे यांचे दिवे वेगळे करता येतात, ते करून घ्यावेत. पहिल्या टप्प्यात मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंची सरळ वाहतूक हिरवी ठेवावी, तसेच शहराकडून औद्योगिक रस्त्याकडे जाणारे डावे वळणही. बाकी सारे लाल. दुसऱ्या टप्प्यात महामार्गाकडून येणारी बाजू पूर्ण हिरवी करावी, सरळही आणि उजवीही, आणि शहराकडची बाजू लाल. याच वेळी औद्योगिक रस्त्यावरून महामार्गाकडे जाणारे डावे वळणही हिरवे ठेवता येते, कारण शहराकडून येणारी वाहने थांबलेली असतात आणि वळणाऱ्या ट्रकांचा मार्ग या डाव्या वळणाला कुठेच छेदत नाही. तिसऱ्या टप्प्यात औद्योगिक रस्ता पूर्ण हिरवा करावा आणि त्यासोबत शहराकडून औद्योगिक भागात जाणारे डावे वळण पुन्हा हिरवे. अशा मांडणीत दोन्ही डावी वळणे तीनपैकी दोन टप्प्यांत चालू राहतात. एका टप्प्यात एकच बाजू सोडण्याऐवजी परस्परांना न अडवणाऱ्या जास्तीत जास्त वळणांना एकत्र सोडणे, हेच या कामातील खरे कसब.

प्रत्येक टप्प्याला किमान आणि कमाल अशा दोन वेळा द्यायच्या असतात. किमान वेळ संपेपर्यंत दिवा बदलत नाही. त्यानंतर मॉड हिरव्या बाजूने किती वाहने जात आहेत आणि लाल बाजूंना किती ताटकळत आहेत यांची तुलना करत राहतो. ताटकळणाऱ्यांचे पारडे जड झाले की टप्पा बदलतो, आणि कमाल वेळ झाली की कोणत्याही परिस्थितीत बदलतो. सुरुवातीला पहिल्या टप्प्याला ८ ते ३०, दुसऱ्याला ५ ते १५ आणि तिसऱ्याला ५ ते १२ अशा वेळा देऊन पाहाव्यात. किमान वेळ फार कमी ठेवली तर दोन-तीन वाहने सुटताच दिवा बदलतो आणि वायाच जास्त जाते. लांब ट्रकांना हलायला वेळ लागत असल्याने, जिथे त्यांची रांग असते त्या टप्प्याची किमान वेळ थोडी वाढवावी. टप्पे साठवून सिग्नल सुरू करायला विसरू नये. नुसते टप्पे मांडून ठेवले तर जुनाच दिवा चालू राहतो.

सिग्नलसोबत चौकाचे नियमही तपासावेत. मॉडमध्ये त्यासाठी वेगळे साधन आहे आणि त्यातील एक नियम सर्वांत मोलाचा आहे: पलीकडे जागा नसताना चौकात शिरण्यास मनाई. ही मनाई असली की वाहन आपल्या रेषेमागे थांबून राहते आणि आडवी वाहतूक सुरू राहू शकते. जवळजवळ असलेल्या चौकांवर ती लावावीच. त्याच ठिकाणी मागे वळण्यास मनाई करता येते, तसेच पादचारी मार्ग काढून टाकता येतो. मात्र तो काढताना जवळपास पादचारी पूल किंवा भुयारी मार्ग बांधून द्यावा, नाहीतर लोक लांबचा वळसा घेतात किंवा मोटारीनेच निघतात.

दोन-तीन चौक एकत्र

एकाच रस्त्यावरील लागोपाठचे सिग्नल स्वतंत्र चालले तर एका चौकातून सुटलेला वाहनांचा थवा पुढच्या लाल दिव्यावर आदळतो. ते चौक एकत्र निवडून त्यांना एकाच टप्प्यांच्या मालिकेत बांधता येते. गणित सोपे आहे: दोन चौकांतील अंतराला वाहनांच्या वेगाने भागले की दुसरा दिवा किती उशिरा हिरवा व्हावा ते कळते. खेळात मात्र गणितापेक्षा नजर बरी. पहिल्या चौकातून सुटलेले पहिले वाहन दुसऱ्यापाशी पोहोचण्याच्या किंचित आधी तिथला दिवा हिरवा होईल अशी वेळ ठेवावी. दोन्ही दिशांना अशी सलग हिरवी वाट सहसा जमत नाही, तेव्हा जी दिशा जास्त भरलेली तिला ती द्यावी. चारपेक्षा जास्त चौक एकत्र बांधण्याच्या भानगडीत नव्या खेळाडूने पडू नये.

वेगमर्यादा आणि वाहनबंदी

मार्ग वेगमर्यादेवरून ठरत असल्यामुळे वेगमर्यादा हे वाहतूक वळवण्याचे साधन ठरते. दुपदरी रस्त्याची मूळ मर्यादा ४० किलोमीटर, सहा पदरीची ६० आणि महामार्गाची १०० असते. वस्तीतून आरपार जाणारा रस्ता वाहनांना जवळचा वाटत असेल तर त्याची मर्यादा २० किंवा ३० वर आणावी, म्हणजे त्यांच्या हिशेबात तो लांबचा होतो आणि मुख्य रस्ता जवळचा. फलक, सिग्नल काहीही न लावता वाहतूक सरकते. बंदी हे त्याहून कडक साधन आहे. मालवाहू वाहनांना एखाद्या रस्त्यावर बंदी घातली तर त्यावरच्या दुकानांना माल मिळणे बंद होते, म्हणून दुकाने नसलेल्या आडरस्त्यांपुरतीच ती ठेवावी.

बदल केल्यावर

एका वेळी एकच बदल करावा आणि त्याआधी शहर नव्या नावाने साठवावे. वाहने निघतानाच मार्ग ठरवतात, त्यामुळे आधीच रस्त्यावर असलेली वाहने बहुतांशी जुन्याच वाटेने जातात. बदलाचा परिणाम दिसायला खेळातील काही दिवस जाऊ द्यावे लागतात. तोवर दुसरे काही छेडू नये. त्यानंतर त्याच चौकाबरोबर पुढचा आणि मागचा चौकही पाहावा, कारण मोकळी झालेली वाहतूक पुढे कुठे तरी पोहोचतेच.

शहर फार वाढले की वेगळी मर्यादा समोर येते. खेळ एका वेळी १६,३८४ पेक्षा जास्त वाहने रस्त्यावर ठेवू शकत नाही. तो आकडा भरला की नवी वाहने निघतच नाहीत, आणि कचऱ्याच्या गाड्या, शववाहिका यांना बाहेर पडायला जागा उरत नाही. अशा वेळी चौकांत कितीही डोके घातले तरी उपयोग होत नाही. मेट्रो, रेल्वे आणि बसमार्ग वाढवून मोटारींची संख्याच कमी करावी लागते. मेट्रोचे स्थानक सुरू झाल्यावर आसपासच्या चौकांतील गर्दीचे स्वरूप बदलते, तेव्हा तिथले वेळेचे सिग्नल पुन्हा तपासावेत आणि ज्यांची गरज उरली नसेल ते काढून तिथे ‘मार्ग द्या’ फलक लावावा.